पिवळी छाती, पांढरी छाती

सांता बेनीता, ५ जून

नेरीदा,

पत्र लिहू नका, असं तू म्हणाली होतीस. दीड वर्ष मी लिहिलं नाही. ते तुझं ऐकायचं म्हणून नव्हे, मलाही राग होता. पाखरांच्या गाण्यांवरून बापाला चार लोकांसमोर खोटारडा म्हणणारी पोर मी वाढवली नव्हती. असो. आज भांडायला बसलेलो नाही.

तुझ्या विद्यापीठाच्या बेर्नाल बाई परवा येऊन गेल्या. पायऱ्यांवर बसून त्यांनी युकाच्या कंदाची आंबील घोट घोट घेतली. त्यांना ती मुळीच आवडत नाही, पण दर वेळी घेतात. मग म्हणाल्या, "एवारिस्तो, मुलीने तुम्हाला काहीच सांगितलं नाही का?"

मी म्हणालो, "आमच्यात बोलणं नाही, तुम्हाला माहीत आहे."

मग त्यांनीच सांगितलं. विद्यापीठाच्या समितीने तुझ्या प्रबंधातली आपली ती एकसष्ट गाणी पुन्हा ऐकली. पिवळ्या छातीचं आणि पांढऱ्या छातीचं, दोन्ही पाखरांचं गाणं सारखंच, त्यावरून काही कळत नाही. पण अकरा ठिकाणी गाणं संपल्यावर पाखराने साधी हाकही दिली आहे, आणि ती हाक पांढऱ्या छातीच्या पाखराची आहे. नाव मात्र सगळीकडे पिवळ्याचं. पंधरा नोव्हेंबरपर्यंत तुला मुदत आहे. आपल्याच ओढ्यावरच्या बांबूतून पिवळ्याच्या आठ जोड्या, प्रत्येकीचं गाणं आणि छाती दिसेल असा नराचा फोटो. नाहीतर पदवी परत, आणि पदवीबरोबर लीमातल्या संग्रहालयाची नोकरीही. वर हेही सांगितलं की नावं तूच मागाहून बदललीस, असा समितीतल्या दोघांचा वहीम आहे.

मी म्हणालो, "शेजारून पांढरा ओरडला असेल." बाईंनी भांडं खाली ठेवलं आणि त्यात पडलेली माशी बोटाने काढत बसल्या.

नेरी, त्या एकसष्टांतली बहुतेक मी पाहिली होती. तुझी आई आजारी होती तो हंगाम, घाई असायची, दोनचार सुटली असतील. पण बहुतेक पाहिली होती, हे काळ्या दगडावरची रेघ समज.

आठ मी आणून देतो. वीस वर्षं हेच केलं आहे. बाईंनी कॅमेरा ठेवला आहे, रेकॉर्डर माझ्याकडे आहेच. बांबू जागच्या जागी आहे, हिरवागार. काळजी करू नकोस.

तुझा बाप

२६ जून

नेरीदा,

दोन झाल्या. आज होडीवाल्या लेओन्सिओबरोबर मेमरी कार्ड पाठवतो आहे. पहिली जोडी ओढ्याच्या तोंडाशी, मोठं झाड आडवं पडलं आहे तिथे. दुसरी आपल्या जुन्या जाळ्याच्या जागेच्या पलीकडे. दोन्हींत नर अगदी स्पष्ट दिसतो. दुसऱ्याने तर छाती पुढे काढून असं पाहिलं की मला हसू आलं. आधी गाणं रेकॉर्ड केलं, मग तेच त्याला वाजवून दाखवलं. आपल्या घरात दुसरा कोण शिरला म्हणून साहेब तणतणत हातभर अंतरावर आले. नियम सगळे पाळले, तू शिकवलेस तसे. तू कसली शिकवतेस म्हणा, तुलाच मी शिकवलं.

सान हुआनच्या सणाला सेगुंदो आला होता. धर्मबाप म्हणून तुझी चौकशी करतो, मी काय सांगणार? केळीच्या पानातला भात खाता खाता म्हणाला, "कोम्पाद्रे, माझ्या धर्मलेकीच्या बापा, एक सांग. ती दोन पाखरं एवढीशी, दोन्हींचं गाणं एक, दोन्ही ह्याच रानात. त्यांना वेगळं म्हणण्यासाठी आपल्या पोरीला एवढं शिकावं लागलं?"

मी म्हटलं, "एकाची छाती पिवळी, एकाची पांढरी."

"ते माझ्या म्हातारीलाही दिसतं."

"पिवळा बांबूत राहतो, पांढरा बांबूबाहेरच्या झाडीत. दोघांनाही मुंगीपाखरू म्हणतात, पण मुंग्यांशी दोघांनाही काही देणंघेणं नाही. बाहेरच्याला धमकवायचं असलं की दोघं एकच गाणं गातात. बायकोला बोलवायचं असलं की हाक मात्र ज्याची त्याची वेगळी. रानात दुसरीकडे, जिथे ती एकमेकांच्या शेजारी नाहीत, तिथे गाणी इतकी सारखी नाहीत. शेजारी राहून राहून ती एकमेकांसारखी गायला लागली. हे नेरीदाने शोधलं."

सेगुंदो बराच वेळ चघळत राहिला. म्हणाला, "म्हणजे भांडायची भाषा एक झाली. बरोबर आहे. माझं आणि मेव्हण्याचं तसंच झालं आहे."

त्याला तुझं काम तुझ्या समितीपेक्षा चांगलं कळलं असं मला वाटतं.

एक गोष्ट मागच्या पत्रात लिहिली नाही. बांबूला एप्रिलमध्येच फुलोरा आला आहे. सगळ्या बांबूला, या काठचा आणि त्या काठचाही. हिरवागार लिहिलं ते पानं अजून हिरवी होती म्हणून लिहिलं. पण फुललेला बांबू किती दिवस उभा राहतो ते तुला मी सांगायला नको. माझ्या वडिलांनी आयुष्यात एकदा पाहिला, मी एकदा, आता हा दुसरा. ऑक्टोबरपर्यंत टिकेल. तोवर सहा जोड्या होतील.

बाबा

१९ जुलै

नेरीदा,

बाईंकडून तुझी चिठ्ठी मिळाली. चिठ्ठी कसली, एक ओळ: "फोटोशिवाय पाठवू नका, आणि एकसष्टपैकी नक्की किती पाहिली ते आकड्यात लिहा." वर बाबा नाही, खाली नाव नाही. सरकारी कचेरीसुद्धा पत्राला मायना लिहिते.

आकडा विचारतेस तर निम्मी. निम्मी धर.

मागे 'बहुतेक' लिहिलं होतं. निम्म्याच्या वर असलं तरी 'बहुतेक'च म्हणतात, म्हणून तसं लिहिलं. आणि आता तू म्हणशील की माझ्या आकड्यांचा भरवसा नाही. पोरी, त्या हंगामात तुझी आई घरात पडून होती. पोटातली गाठ हाताला लागायची. तू लीमात होतीस. पाखरू खाली येईपर्यंत दोन दोन तास वाट पाहायची, की घरी जाऊन तिची कूस बदलायची? बांबूत गातो तो पिवळा, बांबूबाहेर गातो तो पांढरा. हे मला बेर्नाल बाई जन्मायच्या आधीपासून माहीत आहे. मला प्रत्येकाची छाती कशाला पाहायला हवी होती? बापाला वास्तव्यावरून पाखरू ओळखता येत नाही असं का वाटतं तुम्हाला?

हे लिहिलं खरं, पण आता वाचून पाहिलं तर बरं वाटत नाही. तरी खोडत नाही.

दक्षिणेची थंडी आली आहे. चार दिवस सूर्य नाही, पाखरं गप्प. मी दोन सदरे घालून बांबूत जातो आणि तसाच परत येतो. तिसरी जोडी अजून मिळालेली नाही. दुकानातल्या ओफेलियाबाई म्हणतात, "एवारिस्तो, पाखरं शहाणी आहेत, घरात बसली आहेत. तू का फिरतोस?" त्यांनी तुझ्यासाठी वाळवलेल्या मासळीचं पुडकं दिलं आहे, कार्डाबरोबर येईल. ते तरी घे. त्या बाईने काही केलेलं नाही.

बाबा

३० ऑगस्ट

नेरी,

बांबू पिवळा पडला. बी झडलं आणि त्यामागोमाग उंदीर आले. इतके की ओफेलियाबाई तांदळाची पोती आढ्याला टांगतात आणि दिवसभर दुकानात काठी घेऊन बसतात. "गिऱ्हाईक कमी, उंदीर जास्त," म्हणतात, "आणि उंदीर निदान भाव करत नाहीत." बांबूतली घरटी उंदरांनी संपवली. मी तीन पाहिली, तिन्ही फाटलेली.

पिवळी पाखरं जात आहेत. कुठे जातात ठाऊक नाही. पहिली जोडी अजून आहे, दुसरी दिसत नाही. आणि खरं सांगायचं तर ओढ्याच्या तोंडापासून वरच्या वळणापर्यंत बांबूत आता पांढरी गातात. पाच जोड्या मोजल्या. छाती पाहून मोजल्या. पांढरी, स्वच्छ पांढरी, कुशीला तांबूस. बांबूच्या ऐन मध्यात.

आता तू म्हणशील, चार वर्षांपूर्वीही ती बांबूत शिरली नसतील कशावरून? मी म्हणतो, बांबू मरतो आहे म्हणून आली. बांबू धड होता तेव्हा पिवळ्यांनी त्यांना आत पाऊल टाकू दिलं नसतं. हे माझं म्हणणं. पाहिलं आहे असं मी म्हणत नाही.

त्यात पंप. नदीतलं सोनं काढणाऱ्यांनी वरच्या वळणावर दुसरा पंप लावला. सकाळी सहाला सुरू होतो आणि मग रेकॉर्डरवर त्याच्याशिवाय काही येत नाही. पंप सेगुंदोचाच. म्हणून मंगळवारी त्याच्याकडे गेलो. नदीत कमरेइतक्या पाण्यात उभा होता, हातात नळी.

म्हटलं, "कोम्पाद्रे, नोव्हेंबरपर्यंत सकाळी दोन तास बंद ठेव. तुझ्या धर्मलेकीसाठी."

त्याने यंत्र बंद केलं नाही. ओरडूनच बोलावं लागलं. म्हणाला, "माझ्या चार माणसांना दोन तास काय, पाखरांची गाणी ऐकवू?"

"तिची पदवी जाईल."

"पदवी कुणामुळे जाते आहे, कोम्पाद्रे? माझा पंप तेव्हाही होता. तू तेव्हा म्हणाला नव्हतास बंद कर म्हणून. उलट तू..." आणि पुढे तो बरंच बोलला. त्याची माणसं हसली. ते सगळं पत्रात लिहिण्यासारखं नाही.

शेवटी म्हणाला, "साडेसहा. साडेसहापर्यंत थांबतो. तेही पोरीच्या आईच्या, क्लोतिल्देच्या आठवणीसाठी, तुझ्यासाठी नाही."

म्हणजे दिवसाचा अर्धा तास. सहा जोड्या, अडीच महिने. जमेल का मला माहीत नाही. नाही जमणार असं वाटतं. तरी रोज पाचला निघतो.

बाबा

११ ऑक्टोबर

नेरीदा,

तिसरी जोडी मिळाली. वरच्या वळणाच्या अलीकडे, ६ तारखेला, सहा वाजून दहा मिनिटांनी. नर जाळ्यात धरला, फोटो काढला, सोडला. फोटो जरा काळोखी आला आहे, त्या दिवशी ढग होते. छाती पिवळी आहे ते दिसतं. गाणं स्वच्छ आहे. हे लेओन्सिओबरोबर पाठवतो. आणखी दोन-तीन याच पद्धतीने मिळतील असं दिसतं, जाळ्याने काम लवकर होतं.

बाकी ठीक. उंदीर कमी झाले. बांबू वाळला, वारा आला की दिवसभर मोडतो.

बाबा

२ नोव्हेंबर

नेरी,

काल तू फोनवर जे बोललीस ते सगळ्या दुकानाने ऐकलं. ओफेलियाबाई साखर तोलत होत्या, पारडं तसंच धरून उभ्या राहिल्या. दोन गिऱ्हाइकं होती, त्यांनी घाईघाईने मेणबत्त्यांकडे पाहायला सुरुवात केली. फोन तिथेच आहे, मी तरी काय करणार?

तू म्हणालीस, "बाबा, तिसऱ्या फोटोतल्या पाखराच्या चोचीच्या मुळाशीसुद्धा पिवळं आहे. नखालाही. तुमच्या अंगठ्यालाही."

मी अंगठ्याकडे पाहिलं.

"हळद आहे ना?"

मी हो म्हणालो.

मग विचारलंस, "एकसष्टपैकी किती? खरं सांगा. हे शेवटचं विचारते." मी म्हणालो, "चार." तू म्हणालीस, "बरं." आणि ठेवलास.

ओफेलियाबाईंनी पारडं खाली ठेवलं. मला वाटलं त्या शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "हळद माझ्याकडून नेलीस ना रे? भाताला हवी म्हणालास." एवढंच बोलल्या, आणि मला तिथे उभं राहवेना.

आता सगळं लिहितो. तू वाचशील की नाही ते तुझं तू पाहा.

पाच पांढऱ्या जोड्यांपैकी एकीचा नर जाळ्यात आला. मुठीत धरला तेव्हा त्याचं काळीज बोटांना लागत होतं. हळद पाण्यात कालवून बाटलीत नेली होती. म्हणजे घरूनच ठरवून निघालो होतो, तिथे सुचलं असं नाही. कापसाने लावली. दोनदा लावावी लागली, पिसांवर बसत नव्हती. फोटो काढला, सोडला. तो समोरच्या वाळक्या बांबूवर बसून अंग पुसायला लागला. मला वाटलं आता याला मादी ओळखणार नाही, परका समजून हाकलेल. तिने वरून हाक दिली. रोजची, घरची हाक. त्याने तशीच दिली, आणि ती येऊन त्याला चिकटून बसली. त्याच्या रंगाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही.

मी तिथे बराच वेळ बसलो. तिला कळलं, तर तुलाही कळेल, हे तेव्हाच माझ्या लक्षात आलं होतं. तरी फोटो पाठवला. का पाठवला ते मला सांगता येत नाही. माझ्या हातून आठ पुऱ्या होणार नव्हत्या आणि तारीख जवळ येत होती. आणि लाज वाटत होती, त्यापायी आणखी लाजिरवाणं केलं. याला काय म्हणतात मला माहीत नाही.

आज मृतांचा दिवस, सगळे दफनभूमीत गेले होते. तुझ्या आईची जागा साफ केली, मेणबत्त्या लावल्या, तिला आवडायचा तो केळ्याचा गोड पदार्थ ओफेलियाबाईंनी करून दिला होता. तिच्यासमोर बसून मला एक कबूल करावं लागलं, ते तुलाही सांगतो. त्या हंगामात सकाळी मी तिच्याजवळ नव्हतो. तिची कूस ओफेलियाबाई बदलत होत्या. मी सेगुंदोच्या पंपावर होतो. जुलै, ऑगस्ट, सप्टेंबर, रोज. सेगुंदो मला नदीत ओरडून सांगत होता ते हेच. पाचला बांबूत जायचं, रेकॉर्डर सुरू करून फांदीला अडकवायचा, होडी घेऊन वर पंपावर. अकराला परत येऊन रेकॉर्डर उतरवायचा. दुपारी घरी बसून गाणी कापायची आणि प्रत्येकाच्या शेवटी माझ्या आवाजात म्हणायचं: पिवळी छाती, नर, बांबूत, पाहिला.

आईची औषधं सोन्याने येत होती, पाखरांनी येत नव्हती. हे मी तुला तेव्हाच सांगितलं असतं तर तू समजून घेतलं असतंस, हे मला आता कळतं. पण तुझ्या प्रबंधाच्या पहिल्या पानावर तू छापलंस: "वीस वर्षं या रानात पाखरांसाठी राबून ज्यांनी सोन्याला हात लावला नाही त्या माझ्या वडिलांना." पुस्तक हातात पडलं तेव्हा तू समोर उभी होतीस, नवे बूट घातलेले. वाचून दाखवलंस. ओफेलियाबाई उठून आत गेल्या. मी तुझं तोंड पाहत होतो. तेव्हा मी कसं सांगणार होतो?

सांगायला हवं होतं. तेव्हाच.

बाबा

८ नोव्हेंबर

नेरीदा,

बेर्नाल बाईंचा निरोप मिळाला. तू समितीला स्वतःहून कळवलंस की तिसरा फोटो खोटा आहे, आणि आठ जोड्या होणार नाहीत. त्यांनी विचारलं की जुनी नावं कुणी घातली, तर तू म्हणालीस, "माझ्या नावावर काम आहे, जबाबदारी माझी." बाई सांगत होत्या, त्या दोघांचा वहीम आता पक्का झाला. तू नावं बदललीस असं लिहून काढणार आहेत. पदवी तर जाणारच, पण मग दुसरीकडे कुठे कुणी तुला पाखरांच्या कामाला उभं करणार नाही.

हे तू का केलंस? मला वाचवायला? मला काय वाचवायचं आहे, पोरी? उद्या मी रेकॉर्डर परत केला तर इथे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

बांबू संपला. काल सबंध काठ चालून आलो. पहिली जोडीही गेली. तुला पुन्हा करून दाखवायचं म्हटलं तरी आता पाहायला काही नाही. कोंब येतील, वाढतील, दाट होतील, पिवळी पाखरं परत येतील, पण तुला हवा तसा बांबू व्हायला किती वर्षं लागतील ते तूच मला शिकवलं होतंस. तेव्हा मी नसेन आणि तू साठीला आलेली असशील.

म्हणून खाली जे लिहितो ते वेगळ्या कागदावर लिहितो, म्हणजे हे पत्र बाजूला ठेवून ते तेवढं समितीला देता येईल. सही करताना ओफेलियाबाई आणि सेगुंदो हजर होते. सेगुंदो म्हणाला, "कोम्पाद्रे, मेलेलं कशाला उकरतोस? तिची पदवी काही परत येत नाही."

मी म्हटलं, "पदवी नाही येत."

"मग?"

ओफेलियाबाई म्हणाल्या, "मग काही नाही. पेन घे, सेगुंदो, आणि तुझ्याकडे तो किती दिवस होता तेवढं लिही. अक्षर नीट काढ, लीमाला जायचं आहे."

त्याने लिहिलं. शब्द सुचेना म्हणून मध्ये तीनदा पेन चावलं, पण लिहिलं. लेओन्सिओ उद्या पहाटे निघतो. नदीला पाणी कमी आहे, दोन ठिकाणी होडी ओढावी लागेल. पंधरापर्यंत पोहोचेल असं तो म्हणत नाही. बघतो म्हणतो.

तुला आणखी एक सांगायचं होतं. ते कागदावरच सांगितलं आहे.

बाबा

सांता बेनीता, ८ नोव्हेंबर

समितीस,

मी, एवारिस्तो ताफुर, वय चौसष्ट, नेरीदा ताफुर हिचा बाप. तिच्या प्रबंधातली पिवळ्या छातीच्या पाखराची म्हणून दिलेली एकसष्ट गाणी मी ध्वनिमुद्रित केली आणि त्यांना नावंही मीच दिली. ती त्या वेळी लीमाला होती. तिने एकही नाव बदललेलं नाही. गाणी ध्वनिमुद्रित होत असताना मी बांबूत नव्हतो, सेगुंदोच्या पंपावर होतो. त्याने मागच्या बाजूला तसं लिहून सही केली आहे. प्रत्येक गाण्यानंतर माझ्या आवाजात "पाहिला" असा शब्द आहे, तो खोटा आहे.

या बाबतीत माझ्या मुलीने मला चारदा विचारलं. पहिल्यांदा तिची आई गेल्यावर महिन्याने प्रार्थना होती त्या दिवशी, स्वयंपाकघरात. मी आईची शपथ घेऊन म्हणालो, सगळी पाहिली. दुसऱ्यांदा प्रबंध देण्याच्या आदल्या दिवशी, फोनवर. मी म्हणालो, सगळी पाहिली. तिसऱ्यांदा जुलैत, चिठ्ठी पाठवून. मी लिहिलं, निम्मी पाहिली. चौथ्यांदा या महिन्याच्या एक तारखेला, फोनवर. मी म्हणालो, चार पाहिली.

एकही पाहिली नाही.

एवारिस्तो ताफुर